नवी कोल्हापुरी चावते? चावू द्या थोडी!

लग्नसराई आली की आपल्या बेळगावात एक वाक्य हमखास कानावर येतं. "कोल्हापुरी घेतली खरी, पण लई चावते हो!" लगेच कुणीतरी सल्ला देतं, "ती ठेवा बाजूला. आत फोम असलेली घ्या, पहिल्या दिवसापासून मऊ."

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्या दिवसापासून मऊ हवी, हा आपला हट्टच अस्सल चप्पल बाजारातून घालवतोय.

ती चावते का, हे आधी बघू. अस्सल जोडाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. त्या कामाला आठवडे जातात. क्रोमच्या रसायनात तेच काम एक-दोन दिवसांत उरकतं आणि कातडं सुरुवातीपासून नरम निघतं. सालीतलं कातडं ताठ असतं खरं, पण पायाची ऊब, घाम आणि वजन मिळालं की ते त्या पायाचा आकार घेतं आणि धरून ठेवतं. महिना-दोन महिन्यांत तळावर टाचेचा आणि अंगठ्याचा खळगा उमटतो. मग तो जोड दुसऱ्या कुणाच्या पायाला नीट बसत नाही. अर्धी चप्पल कारागीर करतो, उरलेली अर्धी आपला पाय करतो, असंच म्हणा की!

आमच्या आजोबांचं बघा. दिवाळीला घालायचा जोड ते दसऱ्याच्या आधीच घेऊन ठेवायचे. पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवायचं. तेल बोटभरच, ओतायचं नाही, नाहीतर कातडं लिबलिबीत होतं. सकाळी पट्टा हातानं मागंपुढं वाकवायचा. पहिले आठ दिवस घरातच, अर्धा तास, मग तासभर. त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दिवाळीला जोड पायात असायचा आणि चावल्याची तक्रार नसायची. आज आपण सकाळी विकत घेतो आणि संध्याकाळी तीच घालून मांडवात चार तास उभे राहतो. पाय सोलला तर त्यात चपलेचा काय दोष? आणि एक, लवकर मऊ व्हावी म्हणून पाण्यात भिजवू नका. पावसात ओली झालीच तर सावलीत वाळवा. उन्हात ठेवली की कातडं तडकतं.

आता कुणी म्हणेल, पैसे मोजून त्रास कशाला घ्यायचा? प्रश्न रास्त आहे. पट्ट्याखाली थोडी लाली आली आणि चार-आठ दिवसांत गेली, तर जोड पायाला बसतोय. पण रोज त्याच जागी फोड येतोय, टाच तळाच्या बाहेर जातेय, करंगळी दाबली जातेय, तर माप चुकलंय. तो जोड बदलून घ्या, सोसत बसू नका. साखरेचा आजार असलेल्यांनी तर या फंदात पडूच नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. फोड कळत नाही आणि जखम चिघळते. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यानं जाड रबरी तळाची चप्पल घातली, तर त्याला कोण नावं ठेवणार?

माझी तक्रार वेगळी आहे. यंत्रावर कापलेली, डिंकानं चिकटवलेली, फोमची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकली जाते आणि तिच्या भावाशी आपण हातानं केलेल्या जोडाचा भाव ताडून बघतो. वर "चावते की हो, शंभर कमी करा," म्हणून घासाघीस! अथणी आणि निपाणी भागातली कितीतरी घरं या कामावर जगतात. तळ कापायचा, कातड्याच्या वादीनं शिवायचा, पट्ट्याची वेणी घालायची. हे वेणीचं आणि शिलाईचं काम बऱ्याच घरांत बायकाच करतात. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मालावर नाव कोल्हापूरचं. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. त्यात आपलं बेळगाव आहे. सीमेवरून आपण कितीही भांडलो तरी चपलेनं सीमा कधी मानली नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो. खवळायलाच हवं होतं. पण त्या रागाला अर्थ यायचा असेल, तर पुढचा जोड कुठून घेणार हेही ठरवावं लागेल.

तेव्हा एवढंच करा. कार्याच्या आधी महिनाभर जोड घ्या. जमलं तर कारागिराकडं जाऊन, कागदावर पाय ठेवून माप द्या. भाव पाडू नका. आणि आठ दिवस धीर धरा. तुमच्या घरी नव्या जोडाला काय लावायचे, खोबरेल, एरंडेल की आणखी काही, तेही सांगा. जुनी माणसं आहेत तोवर लिहून ठेवूया.