घरचा जमाखर्च : फिजिओथेरपीची पदवी आणि कर्जाचा हप्ता

लकवा झालेल्याला पुन्हा चालते करणारी ही विद्या चांगलीच. पण कर्ज काढण्याआधी हिशेब मांडा.

समजा, फी वर्षाला १ लाख, चार वर्षांचे ४ लाख. व्याज १० टक्के. शिकताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढतच राहते. वर्षाची इंटर्नशिप धरून सहा वर्षांनी देणे ५ लाख ८० हजार होते. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७,७०० रुपये! पगार १५,००० मिळाला, तर निम्मा हप्त्यातच गेला. म्हणून नव्या पदवीधराला काय मिळते, ते जिल्ह्याच्या गावी दोन-चार दवाखान्यांत आधी विचारा.

कर्ज किती, ते जागेवर ठरते. नागपूरचे शासकीय महाविद्यालय, मुंबईची के.ई.एम., नायर, शीव येथे फी खासगीपेक्षा बरीच कमी. शिवाय घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल, ओबीसी व मराठा मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून शासन भरते. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. संस्थेच्या कोट्याला, अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही.

आणि साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँकेच्या नेहमीच्या योजनेत जमीन तारण लागत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवू नका. आधी जागा पाहा, मग बँकेची पायरी चढा.