मुलांना स्वतःवर रहम करायला शिकवूया

लातूरच्या ट्यूशन एरियात असो की नांदेडच्या भाग्यनगरात, आपल्या घरातली कितीतरी मुले-मुली खोली घेऊन नीटची तयारी करतात. टेस्टचा निकाल लागला की घरी फोन येतो, "अम्मी, मार्क कमी आले." आपला पहिला प्रश्न असतो, "बाकीच्यांना किती?" मग तोच प्रश्न मूल रात्रभर स्वतःला विचारत बसते: मीच नालायक, अब्बांचे पैसे वाया घालवले.

2024 मध्ये 23 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे मेहनत करूनही बहुतेकांचा नंबर लागणार नव्हताच. हा हिशेब आपण मुलांना सांगतो का?

स्वतःला कोसले की अभ्यास वाढतो, असा आपला समज आहे. 2010 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लोकांना अपयशाचे प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगून मेंदूचे स्कॅन घेतले. स्वतःला दोष देताना चुका हेरणारे भाग जागे झाले. स्वतःला धीर देताना मात्र दुसऱ्याविषयी कळवळा वाटताना जागे होतात तसे भाग. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाने प्रौढांचा ताण व चिंता कमी झाल्याचे 2013 मध्ये दिसले.

त्यात शिकवतात तीनच गोष्टी: मित्राला जसा धीर देतो तसा स्वतःला द्यायचा, चुका सर्वांच्याच होतात हे आठवायचे, दुःख दडपायचे नाही आणि वाढवायचेही नाही. हे लाड नव्हेत. चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवायचाच, पण स्वतःला शिव्या न देता.

आपल्याला हे नवे नाही. रात्रभर इबादत करणाऱ्या हजरत अबू दरदा (रजि.) यांना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी शरीराचाही हक्क असतो हे समजावले आणि प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. निराशेला तर दीनमध्ये जागाच नाही.

पुढच्या फोनवर आधी विचारूया, "बेटा, जेवलास का? झोप झाली का?" मार्कांचे नंतर. मूल गप्प होत चालले, जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर फक्त दुआवर थांबू नका. लगेच त्याच्याजवळ जा, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो. दुआ आणि दवा, दोन्ही करूया. डॉक्टर होण्याआधी मूल सलामत राहायला हवे.