जुन्या लॅपटॉपची डागडुजी
ज्या गृहस्थाचे काम पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांचा अभ्यास एवढ्यापुरतेच मर्यादित आहे, त्याने नव्या लॅपटॉपपायी कर्ज काढावे हे मला सर्वथा अनुचित वाटते; कारण जुन्या यंत्राची मंदगती बहुधा प्रोसेसरच्या वार्धक्यातून नव्हे, तर आत फिरणाऱ्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून उद्भवते, आणि तिच्या जागी एसएसडी बसवून रॅम ४ ची ८ जीबी केली, की चहा होईपर्यंत रखडणारे तेच यंत्र अर्ध्या मिनिटात कामास हजर होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कचेऱ्यांतून निघालेला, दुरुस्त केलेला माल घेताना मात्र, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला असल्याने, ज्यावर विंडोज ११ सहसा अधिकृतपणे चालत नाही असा आठव्या पिढीपूर्वीचा इंटेल प्रोसेसर टाळावा, आणि बॅटरीची तपासणी व लेखी हमी यांवाचून रक्कम अदा करू नये.