शाळा मोडू नका, जोडा!

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कोयनेमुळे. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रे फिरविते, आणि तेवढ्यावर त्याची सुटका होत नाही. कोळकेवाडीच्या जलाशयात अडवून त्याच पाण्याला अलोऱ्याच्या परिसरात पुन्हा एकवार कामास लावले जाते. १९६२ साली ही वीज वाहू लागली, आणि तेव्हापासून शहरांचे दिवे व कारखान्यांची चाके तिच्यावर चालत आली. ज्या डोंगरपट्टीने हा उजेड दिला, तिच्या वाड्यावाड्यांतील शाळांचा प्रश्न आज शहरवासीयांच्याही विचारास पात्र आहे.

तो प्रश्न पटाचा आहे. कोकणातील तरुण माणूस पोटासाठी मुंबईस गेला, त्याच्यामागून त्याचे कुटुंब गेले, आणि वाडीवरच्या शाळेत दहाबारा मुले उरली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसहून कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले व पानशेत आणि तोरणमाळ येथील दाखले पुढे ठेवले. या विचारामागील युक्तिवाद अगदीच पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मूल एकटे शिकत नाही. वाद घालणारा, चूक दाखविणारा, आपल्याहून दोन पावले पुढे असलेला सोबती त्याला हवाच असतो. चौथीच्या वर्गात एकच विद्यार्थी असेल, तर त्याने चर्चा करावी कोणाशी?

रोगाचे निदान बरोबर असले, तरी औषध मात्र घातक आहे. सहासात वर्षांच्या मुलीने भर आषाढात वहाळ आणि साकव ओलांडून दूरच्या शाळेत जावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. वाहनाची सोय एखाद्या महिन्यात बंद पडली, की प्रथम घरी बसते ती मुलगीच. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे तत्त्व शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी मान्य केले ते याचसाठी.

मुलांना सोबत हवी हे खरे. पण त्यासाठी शाळाच उचलून नेण्याचे कारण नाही. परस्परांकडून शिकणे ही आपल्या मातीला नवी गोष्ट नव्हे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरे गिरवावयास शिकवीत. मद्रासेत अशीच पद्धत पाहून अँड्र्यू बेल याने ती आपल्या शाळेत राबविली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहून इंग्लंडात नेली. आजच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी मुलांना गटागटाने जमिनीवर बसवून, एकमेकांना विचारीत शिकू दिले, आणि राज्यभरचे शिक्षक ते पाहावयास गेले. एकाच खोलीत चार इयत्ता भरणाऱ्या वाडीवरच्या शाळेला ही पद्धत तर सहज साधण्यासारखी आहे.

उणीव राहते ती समवयस्कांची, आणि ती भरून काढण्यास यंत्र उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली व आपल्या वर्गाचा दूरदेशीच्या वर्गांशी संवाद घडविला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. परितेवाडीला परदेशातील वर्गाशी बोलता येते, तर कोळकेवाडीच्या मुलांना पोफळीच्या मुलांशी का बोलता येऊ नये? परिसरातील पाचसहा शाळांनी आठवड्यातून दोनदा पडद्यावर एकत्र वर्ग भरवावा. एका वाडीने पावसाचे माप घ्यावे, दुसरीने ओढ्याची पातळी नोंदवावी, आणि दोन्ही नोंदी पुढे ठेवून गणित मात्र सर्वांनी मिळून सोडवावे. महिन्यातून एकदा ही मुले प्रत्यक्ष भेटावीत, म्हणजे पडद्यावरची ओळख मैत्रीत रुजेल.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत प्रत्येक मूल आपापल्या भ्रमणध्वनीसमोर एकटे बसले. त्याला सहशिक्षण म्हणता येणार नाही. चार मुलांत एक यंत्र असावे, म्हणजे बोलणे भाग पडते. यंत्र प्रत्येकाच्या हाती दिले, की मान खाली जाते आणि संवाद संपतो. शिवाय गट पाडणे, गप्प बसणाऱ्याला बोलते करणे, चुकलेल्याला सांभाळून घेणे हे काम शिक्षकाचेच आहे. पडदा त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि शेवटी विजेचे देयक! ते थकले म्हणून जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडल्याची वृत्ते या राज्यात वारंवार वाचावी लागली आहेत. संगणक देणगीत मिळावा आणि तो चालविण्यास वीज नसावी, यासारखी विटंबना नाही. शासनाने समूहशाळांच्या इमारती व वाहने यांचा हिशेब मांडण्यापूर्वी विजेचा, जाळ्याचा आणि दुरुस्तीचा कायम खर्च मांडून पाहावा, आणि अलोरे परिसरात हा प्रयोग एक वर्ष प्रामाणिकपणे करावा. ज्या खोऱ्यात एकच पाणी दोनदा प्रकाश देते, तेथे एका मुलाने मिळविलेले ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचविणे अशक्य मानण्याचे कारण नाही. शाळेचे दार एकदा बंद झाले, की ते पुन्हा उघडणे मात्र फार कठीण असते.