गाडीचे पाटे पाहिलेत का?

शेतकरी बंधूंनो, बाजाराला माल नेणाऱ्या पिकअपचे पाटे महिन्याकाठी तपासा. सपाट जागी रिकामी गाडी एका अंगाला कलली, तर पाटा तुटल्याची शंका घ्या. यू-बोल्ट सैल राहिला की मधला बोल्ट तुटतो, आस सरकते, गाडी एकीकडे ओढते. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचे चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला समजा. दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

झीज आपल्या खर्चाची. पण नव्या गाडीत तोच भाग वारंवार तुटला, तर गप्प बसू नका. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील गाडीच्या दोषाची तक्रार सरकारकडे करता येते. पुरेशा तक्रारी येऊन दोष ठरला, तर कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागतात.