विश्लेषण : दवाखान्यातून घरी येणाऱ्या बाळासाठी कार सीट कशी निवडावी? आईची मांडी पुरेशी का नाही?

जालना शहरातील कोणत्याही प्रसूतिगृहाच्या दारात दुपारच्या वेळी दिसणारे चित्र ठरलेले असते. बाळंतिणीला सुट्टी मिळालेली असते, मामाची किंवा शेजाऱ्याची कार दारात उभी असते. दुपट्यात गुंडाळलेले, टोपरे घातलेले बाळ आजीच्या मांडीवर असते आणि मानाची जागा म्हणून आजी पुढच्या सीटवर बसते. पुढे मंठा किंवा भोकरदनपर्यंतचा लांबचा रस्ता असतो. बाळाचे वजन, कावीळ, लस, दूध या सगळ्याची चौकशी झालेली असते. बाळ घरी कसे जाणार, हे मात्र कोणी विचारलेले नसते. हा प्रश्न सुट्टीच्या कागदाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर प्रसूतीच्या आधीच ठरायला हवे.

मांडीवरचे बाळ सुरक्षित का नसते?

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची कार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तीन किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे ५० किलो वजनाएवढा जोर लागतो. म्हणजे सिमेंटची एक गोणी, तीही कल्पना नसताना झेलायची. आजीच्या हातात कितीही माया असली तरी हे शक्य नाही. समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते.

आईने एकाच पट्ट्यात स्वतःला आणि बाळाला बांधणे आणखी धोक्याचे आहे. धडकेत आईचे सगळे वजन बाळावर येते. पुढच्या सीटवर एअरबॅगचाही धोका असतो.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७८ मध्ये लहान मुलांच्या सीटचा तिथला पहिला कायदा लागू झाला, तेव्हा मोठ्यांनी बाळ हातात धरले तरी चालेल अशी सूट त्यात होती. कायद्यासाठी झटणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांचा या सुटीला कडाडून विरोध होता. अखेर १९८१ मध्ये ती काढून टाकण्यात आली. जालन्याच्या रस्त्यांवर हीच सूट आजही न लिहिलेला नियम म्हणून चालते.

भारतातील कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा सीटशिवाय वाहनातून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलांसाठी हार्नेस आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, तर नऊ महिन्यांपुढील मुलांसाठी हेल्मेटही सक्तीचे आहे. नवजात बाळाच्या मानेला हेल्मेट पेलत नाही. त्यामुळे त्याला दुचाकीवरून नेणे टाळावे, हेच बरे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यानंतर मागच्या सीटवरील बेल्टची देशभर चर्चा झाली. मागच्या सीटवरील बाळ मात्र त्या चर्चेतही फारसे आले नाही.

सीट निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे वजन. सीटवरील लेबलवर किमान आणि कमाल वजन किंवा उंची दिलेली असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी किमान आकडा आवर्जून तपासावा. फक्त बाळांसाठीची, हँडल असलेली सीट साधारण १३ किलोपर्यंत चालते. पुढे मोठी करता येणारी सीट जास्त वर्षे पुरते, पण नवजात बाळाला ती नीट बसते का, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते आणि मान नाजूक असते. उलट्या दिशेच्या सीटमध्ये धडकेचा जोर पूर्ण पाठीवर पसरतो. युरोपातील आर१२९ मानकानुसार १५ महिन्यांपर्यंत हीच दिशा बंधनकारक आहे. सीटवर आर४४ किंवा आर१२९ ची मोहोर आहे का, हे पाहावे. रंग, कापड आणि कप ठेवण्याची जागा नंतर बघता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडी. पहिले बाळंतपण बहुतेकदा माहेरी होते. त्यामुळे बाबांच्या नव्या गाडीत आयसोफिक्स असले, तरी बाळ दवाखान्यातून मामाच्या जुन्या गाडीतून घरी येते. सव्वा महिन्यानंतर सासरचा प्रवास वेगळ्या गाडीतून होतो. अशा घरांनी तीन बिंदूंच्या साध्या सीट बेल्टनेही बसवता येणारी सीट घ्यावी आणि दोन्ही गाड्यांत बसवून पाहावी.

जुनी सीट मागून आणायला हरकत नाही, पण ती अपघातातून गेलेली नसावी, तिचा कोणताही भाग तुटलेला नसावा आणि वापराची मुदत संपलेली नसावी. हे सांगता येत नसेल तर ती नको.

बसवताना कुठे चुकते?

सीट मागेच बसवावी. समोर एअरबॅग सुरू असताना उलट्या दिशेची सीट पुढे कधीही लावू नये. बसवल्यावर बेल्ट जातो त्या जागी हलवून पाहावी. सीट इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावेत आणि त्यांची घडी चिमटीत धरता येऊ नये.

दुपट्यात गुंडाळून बाळ सीटमध्ये ठेवले की पट्टे सैल राहतात. आधी पट्टे लावावेत, दुपटे वरून पांघरावे. हनुवटी छातीवर टेकली तर श्वास अडू शकतो, म्हणून आईने मागे शेजारी बसून लक्ष ठेवावे. लांबच्या प्रवासात मध्ये थांबून बाळाला बाहेर काढावे. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी डॉक्टरांना विचारूनच निघावे. मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीतील बकल तापते, तेही आधी हात लावून पाहावे.

बाळाआधी खरेदी नको, मग काय?

बाळ येण्याआधी त्याच्या वस्तू घरात आणू नयेत, असे अनेक घरांत मानतात. त्यामुळे सीट आलीच तर बारशाला येते, म्हणजे पहिला प्रवास उरकल्यावर. रीत न मोडताही मार्ग निघतो. सीट मामाच्या किंवा मित्राच्या घरी ठेवता येते. डोहाळजेवणाला साडीसोबत सगळ्यांनी मिळून सीटचे पैसे जमवता येतात.

सीट परवडत नसेल तर?

काही हजारांची सीट प्रत्येकाला परवडणार नाही आणि रिक्षात ती बांधायला बेल्टही नसतो. सरकारी रुग्णालयात प्रसूती झालेल्या आईला जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली घरी सोडण्यासाठी मोफत वाहन मिळते. २०११ पासूनचा हा हक्क आहे, तो सुट्टीच्या आदल्या दिवशीच मागावा. खासगी गाडी असेल तर आईने मागे बसून स्वतःचा बेल्ट लावावा आणि चालकाने वेग कमी ठेवावा. यामुळे सीटची जागा भरून निघत नाही, पण धोका कमी होतो.

खरा उपाय मात्र घराबाहेर आहे. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. बाळंतिणीला घरी सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णवाहिकेत एक सीट आणि प्रत्येक प्रसूतिगृहात उसन्या देण्यासाठी दोन-चार सीट ठेवणे, हा कोट्यवधींचा प्रकल्प नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य सीटमुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतात. सुट्टी देताना परिचारिकेने आणखी एकच प्रश्न विचारावा, ‘बाळाला नेणार कशात?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तर घरोघरी त्याचे उत्तरही शोधले जाईल.