मूठभर धान्य कशाने सुटते?

आमच्या लोकांत दानत नाही, असे वर्गणी मागणारे म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग घातले. तेथील पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. रयतेने मूठमूठ धान्य घातले ते व्याख्यानाला भुलून नव्हे. मागणाऱ्याचे घर आधी रिते झाले, सर्व जातींची पोरे एका पंक्तीस जेवली, हे तिने पाहिले, असे आम्ही समजतो. म्हणून वर्गणी मागणाऱ्यांनो, पावतीबुक मागाहून काढा. आधी स्वतःची पायली घाला, हिशेब चावडीवर वाचा. मग सुताराच्या घरूनही सूप भरून येते की नाही, ते पाहा!